झोप इथली, फुलं तिथली

उंची २६०० मीटर. बुमथांग, भूतान.

"मॅडम, करवतवाले चहा पिताहेत. त्यांचा चहा संपला की माझी बाग संपली," पडद्यावरून देकी म्हणाली. "आणि आजच हे काय झालंय, बघा!"

तिने कॅमेरा वळवला. कित्येक वर्षं वांझ राहिलेली सफरचंदाची झाडं पांढऱ्या फुलांनी लगडली होती.

डोंगराळ देश, शेतजमीन मूठभर. हिवाळे उबदार झाल्यापासून एकेक बाग तुटून तिथे मका येत होता. आज देकीची पाळी होती.

उंची ५६० मीटर. पुणे, वनस्पती-स्मृती प्रयोगशाळा.

"अशक्य!" डॉ. शाल्मली टिळेकर खुर्चीतून उठली. "यंदा तिकडे थंडी पडलीच नाही."

"हे तुम्ही मला सांगताय?" देकी म्हणाली.

शेजारी बसलेले डॉ. इनामदार हसले आणि एकदम थांबले. "सफरचंद हिवाळ्यात झोपतं. पोटभर थंडी मिळाल्याशिवाय फुलत नाही. मग या झाडांना थंडी मिळाली कुठे?"

दोघांचीही नजर शीतकोशाकडे गेली. त्या गार, अंधाऱ्या कपाटात देकीच्या बागेतून कापून आणलेल्या डोळकाड्या, कलमं बांधायच्या काड्या, होत्या. बाग गेली तरी वाण उरावं म्हणून.

"तिच्या वडिलांनी एकाच झाडाच्या कलमांवर अख्खी बाग उभी केली," शाल्मली सावकाश म्हणाली. "कलम म्हणजे झाडाचं मूल नव्हे, सर. तेच झाड, दुसऱ्या मुळांवर."

"म्हणजे कापलेली काडीसुद्धा..."

"तेच झाड. इथे झोपलं, तिथे जागं झालं."

"अगं, मध्ये दोनेक हजार किलोमीटर आहेत!"

"झाडाला ते ठाऊक नसेल."

इनामदार कुजबुजले, "झोप इथून तिथे जात असेल, तर तिथलंही काही इथे यायला हवं."

"चहा संपला हो!" देकी ओरडली.

शाल्मलीने शीतकोशाचं दार ओढलं.

उंची २६०० मीटर आणि ५६० मीटर.

बिनमुळांच्या काड्या अंधारात फुलल्या होत्या. एका फुलाच्या पाकळ्या गळून खाली हिरवा मणी धरला होता. या कपाटात मधमाशी कधीच शिरली नव्हती. पडद्यावर, देकीच्या मागे, मधमाश्यांचा गजर चालला होता.

शाल्मलीने ती काडी कॅमेऱ्यासमोर आणली.

मग देकी वळली. "करवती उचलून निघा रे! बाग फळाला आलीय."

इनामदारांनी चिमटा पुढे केला. "हा मणी कापून तपासू या."

"हात लावू नका!" देकी कडाडली. "पहिलं फळ आहे ते. ते पिकू द्यायचं. आमच्या घरात पहिलं फळ, ज्या डोंगराच्या पायथ्याशी धरलं, त्या डोंगराला वाहतात." ती क्षणभर अडखळली. "तुमच्याकडे डोंगर आहे ना?"

शाल्मलीने खिडकीबाहेर पाहिलं. उन्हात सिंहगड निळा दिसत होता.

"आहे, देकी."

"मग त्याला सांगून ठेवा," देकी म्हणाली. "माझी बाग आता तिथपर्यंत आहे."