माती काढली आणि छत झुकलं

छताला तुळई नव्हती. मधे खांब नव्हता. दगडांच्या फटींत चुना नव्हता, साधा चिखलही नव्हता. तरीही ते छत अडीच हजार वर्षं उभं होतं!

"पण असं कसं?" ऋजुताने पडद्याजवळ नाक नेऊन विचारलं.

"तेच तर कोडं आहे," मंदाआत्या म्हणाली.

सन २०७१ चालू होतं. पुरातत्त्वज्ञ डॉ. मंदाकिनी खोब्रागडे, म्हणजे ऋजुताची आत्या, चंद्रपूरजवळच्या बोडख्या टेकडीवर उत्खनन करत होती. महापाषाणयुगातली (मोठमोठे दगड रचून दफनं करण्याच्या काळातली) शिळावर्तुळं विदर्भात शेकड्यांनी सापडली होती. पण मातीच्या उंचवट्याखाली अशी छतवाली दगडी खोली आत्याने इथे पहिल्यांदाच पाहिली होती. माणसाला आत जायला अजून परवानगी नव्हती. म्हणून मुंगळा नावाचा वीतभर लांबीचा सहा पायांचा यंत्रमानव आत शिरला होता. त्याच्या दिव्याच्या उजेडात मडकी दिसत होती, घोड्याचा लोखंडी लगाम दिसत होता आणि एक इवलंसं तांब्याचं कडं.

"लहान मुलाचं असेल," आत्या हळूच म्हणाली.

छतावरचा भार कमी व्हावा म्हणून तिने सकाळपासून वरची माती काढायला लावली होती. यंत्र चालवणारे गेडामदादा कडेकडेने जपून माती उचलत होते. आत्या आणि ऋजुता दोन ओंडक्यांवर टाकलेल्या लांब फळीवर बसून पडदा बघत होत्या. ऋजुता टोकाला बसली होती, ओंडक्याच्या बाहेर पाय हलवत.

इतक्यात मुंगळा बोलला, "सावधान! छताचा पाचवा थर आतल्या बाजूला झुकतो आहे."

"काय?" आत्या ताडकन उठली. त्याच क्षणी फळीचं दुसरं टोक वर उसळलं आणि ऋजुता धप्पकन मातीत बसली.

"गेडामदादा, यंत्र थांबवा!" आत्या ओरडली. "भार कमी केला, तरी छत झुकतंय? हे उलटंच झालं!"

ऋजुता कपडे झटकायचं विसरून फळीकडे बघत राहिली. "आत्या, तू उठलीस म्हणून मी पडले."

"लागलं का गं?"

"नाही गं, ऐक ना! मी बाहेर लोंबत होते, पण मागे तू बसली होतीस म्हणून फळी कलंडत नव्हती. त्या दगडांच्या मागच्या टोकावरही असंच कुणी बसलं असेल तर?"

आत्या पडद्याकडे वळली. मग म्हणाली, "मुंगळ्या, रडार लाव. भिंतीआड दगड किती लांब आहेत, दाखव."

पडद्यावर आकृती उमटली. खोलीत दगडांची फक्त टोकं डोकावत होती. दुप्पट लांबीच्या त्यांच्या शेपट्या मागे मातीत दडल्या होत्या. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे काढलेला, असं करत करत वर खोली मिटवत नेली होती.

"याला कदलिकाकरण म्हणतात," आत्या म्हणाली. "दगडाचा गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानतात तो बिंदू) खालच्या दगडावर असला, तर तो पडत नाही. पण वरचे थर पुढच्या टोकावर दाब देतात. तो दाब तोलायला मागे वजन हवं."

"आणि ते वजन म्हणजे माती!"

"हो. आणि आपण नेमकी तीच उपसली. मधली तशीच ठेवली." आत्या यंत्राकडे धावली. "दादा, कडेची माती परत टाका. मधे एक मूठसुद्धा नको!"

"आधीच छत झुकतंय अन् आणखी वजन टाकायचं?" गेडामदादांचा हात दांड्यावर अडखळला. "आत सगळं दबून गेलं तर?"

"जबाबदारी माझी. टाका!"

मातीचा पहिला ढीग पडला. मुंगळा म्हणाला, "झुकणं चालू आहे." दुसरा पडला. "वेग कमी झाला." ऋजुताने आत्याचा हात घट्ट धरला. आणखी माती पडली, आणखी पडली.

"थर स्थिर झाला आहे."

गेडामदादांनी कपाळाचा घाम पुसला आणि ते मोठ्याने हसले.

पुढच्या आठवड्यात तज्ज्ञांनी खोली तपासली, झुकलेल्या थराला आधार दिला आणि आत जायला परवानगी दिली. ऋजुता आत्यामागून रांगत आत गेली. आत गार होतं. तिने एका दगडावर तळहात टेकवला. ज्यांनी तो रचला त्यांच्याकडे रडार नव्हतं, पण तोल त्यांना पक्का ठाऊक होता.

"आत्या, चंद्रावर प्रत्येक वस्तूचं वजन सहाव्या हिश्शाइतकंच भरतं ना? मग तिथे असं छत पडेल का?"

"तुला काय वाटतं?"

ऋजुताने वर बघत विचार केला. "नाही पडणार. पुढचं वजन घटेल तसं मागचंही घटेल. तोल तोच राहील."

"तिथे दगड आणि माती हवी तेवढी आहे," आत्या म्हणाली. "चुना मात्र नाही."

"नसू दे," ऋजुता म्हणाली. "आपल्याला कुठे लागतो?"