शेवटचा कोरा फर्मा

घरी पुस्तक बांधायचं तर घाई कामाची नाही. आठ कागद मधोमध दुमडले की एक फर्मा होतो. असे फर्मे शिवायचे, पाठीला मैद्याची खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा, वर पाटा ठेवायचा आणि वाट बघायची. मी शाळेत गणित शिकवते. वाट बघणं मला मुळीच जमत नाही.

माझे बाबा, यादोराव, कारध्याच्या पुलावर वैनगंगेची पातळी वाचायचे. खांबावरचा आकडा बघायचा आणि लिहायचा, एवढीच नोकरी. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी जायचे आणि सुट्या कागदांवर आकडे लिहायचे. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये असेच गेले. पुलावर सायकल सापडली, बाबा नाहीत. धाकट्या भावाला, जीवनला, तेरवी उरकून टाकायची होती. मी करू दिली नाही. माणूस दिसत नाही म्हणून मेला, हे कुठलं गणित?

या फेब्रुवारीत मी त्यांचे कागद बांधायला घेतले. शेवटी एक कोरा फर्माही शिवला.

"कोरी पानं कायले लावून राहिली, ताई?"

"बाबा आले तं लिहितीन."

जीवनने डबा उचलला. मग वरठीला कारखान्यात ड्युटीवर निघून गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाटा उचलला. कोऱ्या फर्म्याच्या पहिल्याच पानावर त्या दिवशीची तारीख होती. खाली 'सकाळी सहा. चौदा फूट.' अक्षर बाबांचं.

माझं डोकं फिरलं. लहानपणी प्रगतिपुस्तकावर बाबांची सही जीवनच ठोकायचा. तरी त्याला विचारण्याआधी मी पुलावर जाऊन आले. खांबावर तेवीस फूट होतं. खोटं लिहायचं तर निदान बघून तरी लिहावं.

घरी येऊन मी पुस्तकाच्या तिन्ही कडांना खळ फासली आणि पाटा ठेवला. आता उघडायचं तर कडा कापाव्याच लागणार. चोर सापडणार होता.

दुसऱ्या दिवशी कडा शाबूत होत्या. मीच कापल्या.

आत नवी तारीख होती. पंधरा फूट.

पुन्हा पुलावर गेले. गोसेच्या धरणाचं पाणी मागे फुगलं की नदी पाऊस नसतानाही चढते. खांबावर चोवीस होतं. फरक कालच्यासारखाच, नऊचा. अंदाजाने लिहिणाऱ्याला हे साधत नाही.

मग मात्र जीवनला समोर बसवलं आणि दोन्ही पानं दाखवली. तो पांढराफटक पडला.

"माह्या पोरीची आन, ताई. मी नाही लिवलं."

आणि तो रडायला लागला. जीवनला खोटं बोलता येतं, खोटं रडता येत नाही.

मला भीती वाटली नाही. खरं सांगते, आनंद झाला. बाबा कुठेतरी आहेत, रोज नदी बघताहेत. फक्त जागा कळायला हवी.

त्याच पानावर मी पेन्सिलने लिहिलं, 'बाबा, कुठून मोजता?' पुन्हा कडा चिकटवल्या.

सकाळी जीवन शेजारी बसला होता. मी कडा कापल्या.

सोळा फूट.

आणि माझ्या प्रश्नाखाली, त्याच अक्षरात:

'खालून मोजतो, बाई. वर पाहून.'