तीनदा टकटक

दिवा राहू दे, हरिता. रघुराम, तूही ऐक. ही गोष्ट माझ्या मित्राची, रघोजीची. त्या रात्री मी तिथं होतो, पण काय पाहिलं याची मला अजून खात्री नाही. चाळीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसानं असलं काही सांगू नये, हेही मला कळतं.

गेल्या जानेवारीतली नऊ तारीख, शुक्रवार. संध्याकाळी औषधांच्या दुकानातून त्याच्या गळ्यावर लावायच्या पट्ट्या घेतल्या आणि राजवाड्यामागच्या गल्लीत रघोजीकडे गेलो. सकाळच्या बसनं आम्हाला तिरुच्चीला जायचं होतं, त्याच्या तपासणीला. त्याची बायको चंद्रमती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, म्हणून रात्री मुक्कामाला मी.

दोन वर्षांपूर्वी कॅन्सर झाला आणि त्याचं स्वरयंत्र काढलं. गळ्याच्या खळगीत एक भोक केलं होतं. श्वास तिथूनच आत जायचा, तिथूनच बाहेर यायचा. नाकातोंडाचा त्याच्याशी संबंध उरला नव्हता.

मग बोलायचा कसा, म्हणतोस, रघुराम? वहीत लिहून. पण पिढ्यान्‌पिढ्या या तमिळ मुलखात राहिलेल्या आपल्यातल्या पुष्कळांसारखं त्यालाही मराठी लिहिता येत नव्हतं. तमिळमध्ये लिहायचा. गळा गेला, तेव्हा त्याची मराठीही गेली.

इस्पितळात शेजारच्या खाटेवर तिरुवैयारूचा भीमसेन होता. मराठीच. उंच, कपाळावर सदा विभूतीचे पट्टे. त्याचंही तेच ऑपरेशन. दोघांनी एक खूण ठरवली. घरी गेल्यावर रोज रात्री दहाला फोन लावायचा आणि नखानं त्यावर टकटक करायची. दोनदा म्हणजे, कसा आहेस? एकदा म्हणजे, बरा आहे. तीनदा म्हणजे, ये.

हस, हरिता. चंद्रमतीही हसायची. म्हणायची, "गळा होता तेव्हा माझ्याशी कधी इतकं बोलले नाहीत हे."

त्या रात्री जेवण झाल्यावर रघोजी आरशापुढे उभा राहून मान चाचपत राहिला. रोजचंच ते. मग वही पुढे केली. 'गाठ आहे. हात लावून बघ.'

लावला. वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. की जुना व्रणच होता? मी म्हटलं, "काही नाही रे." खरं म्हणजे मला काही कळलं नव्हतं.

तो बराच वेळ लिहीत राहिला. ऑक्टोबरात भीमसेनचा आजार उलटला होता. एका रात्री त्यानं फोनवर तीनदा टकटक केली. 'मी फोन ठेवून दिला. वाटलं, त्याला बघितलं तर माझंही परत येईल. अकराव्या दिवशी तो गेला.'

मी वही मिटली.

दहा वाजले.

गल्लीकडच्या खिडकीची काच थंडीमुळे लावलेली होती. त्या काचेवर...

टक. टक.

"फांदी असेल," मी म्हटलं. त्या गल्लीत झाड नाही. मला तरी ते माहीत असायला हवं.

रघोजी उठला. गळ्यातून श्वासाची बारीक शीळ येत होती. काचेपाशी गेला. बोट वर केलं. मला वाटलं, एकदाच वाजवेल. बरा आहे म्हणून.

टक.

टक.

टक.

मग काही नाही...

मग शीळ. रघोजीची. आणि तिच्या मागोमाग दुसरी. काचेपलीकडून.

मी खुर्चीतून उठलो नाही. उठायला हवं होतं का, हे अजून स्वतःला विचारतो. रघोजी काचेला कपाळ टेकून तिथंच बसला आणि बसल्या बसल्या झोपला. कित्येक महिन्यांनी. दोन श्वास पहाटेपर्यंत ऐकू येत होते.

सकाळी त्यानं एकच ओळ लिहिली. 'मी बोलावलं, तर तो आला.'

तपासणीत काही निघालं नाही. गाठ म्हणजे जुना व्रणच. हो रघुराम, बरं झालं. पुढची तपासणी सहा महिन्यांनी. तोवर रोज रात्री दहाला तो काचेवर टकटक करतो. एकदाच. मग बराच वेळ उभा राहतो.

ती काच मी बाहेरून पाहिली आहे. वर, कपाळ टेकतं तिथं, विभूतीचे तीन पट्टे. त्याखाली, तोंड यायला हवं तिथं, काच स्वच्छ. आणि त्याच्याही खाली, गळ्याच्या उंचीवर, श्वासाच्या वाफेचा एक गोल. चंद्रमतीनं लिंबानं घासला, राखेनं घासला.

काल संध्याकाळी मी बोट लावून पाहिलं.

अजून ओला आहे.