गाडीवाल्याला जाऊ देऊ नका

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याच्यावर ती गुदरली तो माणूस आजही हैदराबादला गौलीगुड्यात राहतो, रोज कामावर जातो, विचारलं तर सांगतो.

फक्त संध्याकाळी विचारू नका.

त्याचं नाव धम्मानंद. मूळचा नांदेडकडचा. बायको स्वप्ना, कॉलेजात शिकणारी मुलगी रसिका. घरात बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. भूत, उतारा, अंगात येणं, यातलं काहीच त्या घरात कुणी कधी मानलं नाही. स्वप्ना तर असल्या गोष्टी सांगणाऱ्याची टिंगल करायची.

मागच्या वर्षी, बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी ती गेली.

ती सुलतान बाजारात पुस्तकांच्या दुकानात कामाला होती. सायकलनं जायची. त्या दिवशी ती लवकर परत आली. धम्मानंदला सुट्टी होती. तो खिडकीत बसला होता. आधी त्याला आवाज आला.

खर्रर्र... खर्रर्र...

खाली बघितलं तर स्वप्ना सायकल हातात धरून चालत येत होती. हँडल वाकडं झालं होतं. मागचं मडगार्ड दबून चाकाला घासत होतं.

"काय झालं?"

"काही नाही हो. वळणावर कारवाल्यानं न बघता गाडी आत घातली. पडले. चांगला होता बिचारा. उतरून पाणी दिलं, हात जोडत होता. म्हणलं, जावा."

"नंबर घेतला का गाडीचा?"

"नंबर कशाला? उद्या पौर्णिमेला खीर खायला बोलवायचंय का त्याला?"

कोपर खरचटलं होतं. तिनं ते धुतलं. डोकं जरा ठणकतंय म्हणाली.

"दवाखान्यात जाऊ."

"एवढ्यासाठी? थोडी पडते. चहाच्या वेळी उठवा."

चहाच्या वेळी त्यानं उठवलं.

ती उठली नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोक्याच्या आत रक्त साचत गेलं. "पडल्या पडल्या आणलं असतं तर..." एवढं बोलून ते थांबले. ते अर्धं वाक्य धम्मानंद रोज पुरं करतो.

पुण्यानुमोदनाच्या विधीला गावाकडची माणसं आली. धम्मानंदचे थोरले भाऊ निवृत्ती आले. सायकल जिन्याखाली तशीच पडली होती. निवृत्ती म्हणाले, "तिच्या नावानं एखाद्या शिकणाऱ्या पोरीला दान करू. पण मोडकी वस्तू दान करत नसतात, धम्मा. आधी नीट करून आण."

बरोबरच वाटलं सगळ्यांना.

त्या वळणावरच वाजिदभाईचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्या दुपारी ते बंद होतं. त्यानं हँडल सरळ केलं, मडगार्ड नवीन टाकलं, सायकल धुऊन पुसून चकचकीत करून दिली. जुनं मडगार्ड भंगारात गेलं.

मग पोलीस सायकल बघायला आले.

जमादार सायकलीभोवती फिरला. खाली वाकून बघितलं. मग धम्मानंदकडे बघत राहिला.

"धो डाले?"

"हौ साहेब. दान करायची होती."

"अरे भाई, कार का रंग लगा रहता था इसकू. वोइच तो सबूत था. कैकू धोये?"

नंबर नाही. नीट बघितलेला साक्षीदार नाही. गाडीचा रंग कुणी म्हणे पांढरा, कुणी म्हणे राखाडी. चौरस्त्यावरचा कॅमेरा बंद होता. जमादार वाईट माणूस नव्हता. जाताना म्हणाला, "नंबर मिला तो आओ. रात को भी आओ."

सायकल दान झाली नाही. धम्मानंदच्यानं ती देववेना. ती जिन्याखालीच राहिली.

त्याच्या डोक्यात एकच गोष्ट रुतली. नंबर. तो नंबर जगात एकाच माणसानं जवळून बघितला असेल.

आणि ती तर...

पावसाळा गेला. एका संध्याकाळी रसिका जेवणाची तयारी करत होती. धम्मानंद खिडकीत.

खर्रर्र... खर्रर्र...

गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. हळूहळू जवळ आला. जिन्यापाशी थांबला.

आता पायऱ्यांवर पावलं वाजतील म्हणून तो कान देऊन बसला.

पावलं वाजली नाहीत.

तो खाली गेला. गल्लीत कुणी नाही. जिन्याखाली सायकल जागेवर. त्यानं मागचं चाक फिरवून बघितलं. नवीन मडगार्ड. चाक आवाज न करता फिरलं.

तो वर येऊन परत खिडकीत बसला.

दुसऱ्या दिवशी तोच आवाज. त्यानंतरही. दिवेलागणीला आवाज यायचा, जिन्यापाशी थांबायचा आणि वर कुणीच यायचं नाही.

मग एक दिवस वाजिदभाई घरी आला. कधी न येणारा माणूस. बसा म्हटलं तरी बसेना.

"साब, वो सायकल आप किसीकू दिये क्या?"

"नाही. खालीच आहे."

"नवी मडगार्डवाली?"

"तुम्हीच तर लावलं."

वाजिदभाई दारातून खाली जिन्याकडे बघून आला. मग सांगितलं. दोन दिवसांपूर्वी वळणावर कारनं एका सायकलवाल्याला उडवलं होतं. लोक जमले. गर्दीतून एक बाई पुढे आली. पडलेल्याला उठू देईना. गाडीवाल्याला जाऊ नका देऊ म्हणाली. नंबरचा फोटो काढा, कुणी बघितलं त्याचं नाव घ्या, सायकलला हात लावू नका, आणि याला घरी नाही, दवाखान्यात न्या... सगळं एका दमात. वाजिदभाई पाणी घेऊन आला तोवर ती सायकल घेऊन निघाली होती.

"चेहरा कसा होता?"

"देखा, साब. सामनेइच थी. लेकिन याद करने गया तो..." त्यानं हात हलवला. "पण सायकल मैं भूलता नै. वोइच टेढा हँडल. वोइच दबा हुआ मडगार्ड. मेरे हाथ से खोला मैं. भंगार में डाला मैं."

तो गेला. चहा तसाच राहिला.

धम्मानंदनं स्वतःला समजावलं की म्हातारा झालाय, नजर कमी झालीय. आठवड्याभरानं रसिकाचा वर्गमित्र अनिकेत डोक्याला पट्टी बांधून घरी आला. जामबागेतून सायकलवर येताना त्याच वळणावर पडला होता.

"काका, मी तर घरीच चाललो होतो. काही लागलंच नव्हतं. एक आंटी होत्या, त्या सोडेचनात. बोल्या, घरकू जाके सोना नक्को, सीधा दवाखाना. इतक्या मागे लागल्या की गेलो." तो हसला. "डॉक्टर बोले, आत रक्त येऊ लागलं होतं. रात्री झोपला असता तर उठला नसता."

रसिकानं हातातली बशी खाली ठेवली.

"त्या आंटी कशा बोलत होत्या?" धम्मानंदनं विचारलं.

"घाई होती त्यांना. सारखं बोलत होत्या, घरी वाट बघू लागलेत."

त्या दिवसापासून धम्मानंद रोज संध्याकाळी वळणावर जाऊन उभा राहू लागला. वाजिदभाईच्या दुकानापाशी. बस जायच्या, रिक्षा जायच्या, माणसं जायची. सायकलवाले जायचे, नीट जायचे.

ती यायची नाही.

तो घरी आला की रसिका सांगायची, "पप्पा... आत्ता खाली आवाज येऊन गेला." तिलाही ऐकू यायला लागलं होतं.

म्हणजे तो वळणावर असला की ती गल्लीत. तो घरी असला की नुसता आवाज, खाली गेलं की कुणी नाही. आणि दोन्हीकडे त्याच्यासाठी नाही. कुणीतरी पडलं तरच ती समोर येते, हे त्याच्या ध्यानात आलं.

पुढचं त्यानं कुणाला सांगितलं नाही.

डिसेंबरात एका रविवारी त्यानं जिन्याखालून सायकल काढली.

"पप्पा, कुठं?" रसिका वरून ओरडली. "तुम्हाला तर सायकल धड चालवता पण येत नाही. मम्मी हसायची तुम्हाला."

"चक्कर मारून येतो."

"मी येऊ?"

"नको."

ती कठड्याला धरून बघत राहिली. त्यानं वर बघितलं नाही.

दिवे लागत होते. तो वळणावर आला. दोन-तीन गाड्या जाऊ दिल्या. मग एक कार इंडिकेटर न देता डावीकडे वळायला लागली.

ब्रेक दाबायला वेळ होता.

त्यानं दाबला नाही.

धक्का बसला. आभाळ फिरलं. सडक गालाला लागली. कुणीतरी ओरडलं, चपलांचे आवाज धावत आले. डावा हात हलेना. त्याला दुखत नव्हतं. तो फक्त ऐकत होता.

गर्दीचा गलका. हॉर्न. वाजिदभाईचा आवाज, "या अल्ला, ये तो अपने साब..."

मग सगळ्याच्या मागून...

खर्रर्र... खर्रर्र...

तो रडायला लागला. लोकांना वाटलं, दुखतंय.

गर्दी बाजूला झाली. एक सायकल त्याच्या सायकलीशेजारी उभी राहिली. दोन सायकली. तेच बास्केट, तीच सीट, सीटला रसिकाच्या जुन्या ओढणीची तीच गाठ. फक्त एकीचं हँडल वाकडं.

ती त्याच्याजवळ बसली. तीच होती. वाजिदभाईला आठवत नसेल, धम्मानंदला सगळा चेहरा दिसला. कोपराला ओलं खरचटलं होतं.

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात गरम होता. भर उन्हातून सायकल मारत आलेल्या माणसाचा असतो तसा तापलेला. डिसेंबरच्या संध्याकाळी.

"भय्या," ती म्हणाली. "उठो नक्को."

"स्वप्ना..."

"बैठे रहो. चक्कर आरा क्या? उलटी होरी क्या?"

"स्वप्ना, अगं मी आहे."

तिनं त्याच्याकडे बघितलं. अनोळखी माणसाकडे बघतात तसं, दया करून, घाईत. मग लोकांकडे वळली. "गाडीवाले को जाने नक्को देओ. नंबर का फोटो लेओ. कौन देखे? नाम बोलो अपना. सायकल वैसीच रहने देओ, कोई हात नक्को लगाओ." पुन्हा त्याच्याकडे वळली. "घर में कौन है, भय्या? फोन करो उनकू."

घरी कोण आहे, हे ती त्याला विचारत होती.

ज्यासाठी तो पडला होता ते त्यानं कसंबसं विचारलं. "तुला धडकली त्या गाडीचा नंबर सांग. एवढंच सांग."

"मेरेकू?" तिला हसू आलं. "मैं अच्छी हूं. घरकू जारी. चाय पे राह देखरे मेरी."

तेव्हा त्याला कळलं. तिच्यासाठी अजून तीच दुपार चालू होती. ती अजून घरी पोचलीच नव्हती. ती रस्त्यात होती, सायकल हातात धरून, आणि वाटेत जो पडेल त्याच्यापाशी थांबत होती. जिन्यापर्यंत रोज येत होती. वर का येत नव्हती, ते कुणालाच माहीत नाही.

त्याच्या तोंडात शब्द आले. तू पोचलीस, स्वप्ना. झोपलीस. उठली नाहीस.

ती वाट बघत होती. तो काहीतरी बोलणार हे तिला कळलं असावं. भुवया थोड्या वर गेल्या, जशा घरी जायच्या.

एवढं सांगितलं की ती थांबेल, हे त्याला कळत होतं. थांबेल म्हणजे जाईल. कायमची जाईल.

तो बोलला नाही.

"इनकू अकेला छोडो नक्को," तिनं वाजिदभाईला सांगितलं. वाकडं हँडल धरलं. गर्दीनं वाट दिली.

खर्रर्र... खर्रर्र...

आवाज गौलीगुड्याच्या बाजूला गेला.

धम्मानंदचा हात मोडला होता. गाडीवाला पळाला नाही, लोकांनी पळू दिलं नाही. फोटो निघाले, साक्षीदार मिळाले, सायकल तशीच्या तशी ठाण्यात गेली. जमादार म्हणाला, असं नीट झालेलं प्रकरण पहिल्यांदा बघतोय. साक्षीदारांत एक बाई होती म्हणतात, ती कोण, असं त्यानं विचारलं. वाजिदभाईनं धम्मानंदकडे बघितलं. धम्मानंदनं मान खाली घातली.

रसिकाला त्यानं सगळं सांगितलं. तिनं त्याच्या मोडक्या हाताची झोळी सारखी केली.

मग म्हणाली, "तुम्हाला ओळखलं नाही मम्मीनं?"

"नाही."

"मग तुम्ही सांगून का नाही टाकलं? ती फिरू लागली ना पप्पा, एकटीच. मी सांगू का खाली जाऊन?"

"नको."

"कैकू नको?"

तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. वळणावर लोक पडतात, ती येते, कुणाकुणाचे जीव वाचतात. तो विचार करतो की तिला थांबवायचा आपल्याला काय अधिकार. मग रात्री वाटतं, ती उन्हात आहे. इतके महिने झाले, ती एकटी उन्हात चालते आहे आणि तिला घर सापडत नाही.

स्वप्ना गेली आहे, हे स्वप्नाला अजून कुणी सांगितलेलं नाही.