मागच्या सीटवरचा आवाज

रस्ते मुके होऊन आता बरीच वर्षं लोटली होती. पेट्रोलच्या गाड्या गेल्या, त्यांच्याबरोबर फटफटी हा शब्दही गेला. सांगली-मिरज रस्त्यावर भर दुपारी चिमण्या ऐकू येत. पण ही शांतता फक्त माणसाच्या कानापुरती होती. विजेच्या प्रत्येक मोटारसायकलीत मोटरला वीज तोडून-तोडून पुरवणारा एक कंट्रोलर असतो, आणि वीज अशी तोडली की तिच्यातून रेडिओलहरी फुटतात. आपल्याला काही जाणवत नाही, पण जवळच्या रेडिओच्या कानठळ्या बसतात.

अच्युतराव खरमाट्यांचं घोडं इथंच पेंड खात होतं. पाणीपुरवठ्यातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांना दोन नाद लागले होते, मोटारसायकलचा आणि सकाळच्या नाट्यसंगीताचा. दोन्ही एकदम हवेत म्हणून त्यांनी बाजारातून वेगळा रेडिओ आणून गाडीवर बसवला. गाडी उभी असली की गाणं झकास, आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळला की नुसती खरखर. एरियल बदलून झाली, अर्थिंगची तार हलवून झाली. गाणंच ऐकायचं तर गाडी अंगणात उभी करून वर बसा, असा सल्ला त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाईंनी मागच्या सीटवरून, हेल्मेटमधल्या माइकवर दिला.

शेवटी मिरजेच्या डॉ. रुखसाना सतारमेकर यांनी बनवलेली अटकळपेटी आली. नावाप्रमाणेच तिचं काम. गाडीकडून पुढच्या क्षणी कोणती खरखर येणार याची ती अटकळ बांधते आणि नेमका तेवढाच उलटा आवाज सोडून ती खरखर पुसून टाकते. अटकळ चुकली तर आवाज तसाच पुढे जातो आणि पेटी त्यातून शहाणी होते. थोड्याच दिवसांत तिला गाडीची नस न् नस कळली. हेल्मेटमध्ये तंबोऱ्याच्या तारा सुट्या-सुट्या ऐकू येऊ लागल्या.

ते महिने फार सुखात गेले. सकाळी द्राक्षबागांमधून दंडोबाच्या डोंगरापर्यंत जायचं, चहा घ्यायचा आणि परतायचं. कुमुदिनीबाई हल्ली मागे बसून बोलेनाशा झाल्या होत्या. संसार मुरला की असंच होत असेल, असं मानून अच्युतराव मनातल्या मनात स्वतःवरच खूष होते.

मग एके सकाळी गाडी स्पीडब्रेकरवरून दणकन गेली. कुमुदिनीबाईंच्या पाठीत कळ आली. चहाच्या टपरीपाशी उतरल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"रोज याच जागी सावकाश, सावकाश म्हणून घसा कोरडा पडतो माझा. तुमच्या कानावर तरी पडतं का?"

अच्युतरावांनी शपथेवर सांगितलं की इतक्या महिन्यांत त्यांनी बाईंचा एक शब्दही ऐकलेला नाही. बाईंना ते पटेना. ज्याला तंबोऱ्याची तार वेगळी कळते, त्याला पाठीमागची बायको ऐकू येत नाही? दुसऱ्या दिवशी त्या गाडीवर बसल्याच नाहीत. अच्युतराव एकटे गेले. गाणं स्वच्छ लागलं होतं, पण त्यात त्यांचा जीव रमेना. मागची सीट अशीच रिकामी राहिली तर या गाडीचं करायचं काय, या विचाराने ते अर्ध्या वाटेतून फिरले आणि बाईंची मनधरणी करून त्यांना मिरजेला सतारमेकरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी गाडीचं पुढचं आवरण उघडलं आणि त्यांना हसू आलं. दोन्ही हेल्मेटमधल्या बोलण्याची तार कंट्रोलरच्या खरखरीच्या तारेलाच जोडलेली होती.

"काका, हे कुणाचं काम?"

"माझंच. वेगळी तार घ्यायची तर नवं भोक पाडायला हवं होतं. रंग खराब झाला असता की."

"म्हणजे पेटीच्या लेखी तुम्ही दोघंही गाडीचीच खरखर."

"पण सुरुवातीला तर ऐकू यायचं."

"तेव्हा तिची तुमच्याशी ओळख नव्हती. ती ओळखीचं तेवढं पुसते. नवं काही बोललात तर ते आजही पोचेल."

कुमुदिनीबाई हळूच म्हणाल्या की यांचंही बोलणं त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांना वाटलं, यांचा स्वभाव निवळला. त्यावर तिघंही पोटभर हसले. अच्युतरावांच्या जिवात जीव आला. दोष आपल्या कानाचा नव्हता आणि मनाचाही नव्हता, एका तारेचा होता.

तार तोडण्याआधी डॉक्टरांना गंमत दाखवायची हुक्की आली. त्यांनी पेटीची अटकळ, पुसायला न वापरता, सरळ स्पीकरवर सोडली आणि दोघांना हेल्मेट घालून नेहमीसारखं बसायला सांगितलं. कुमुदिनीबाई मागे बसल्या, पदर सावरला आणि बोलायला तोंड उघडलं, इतक्यात स्पीकरमधून त्यांचाच आवाज आला: "चला लवकर, दूध तापवायचं राहिलंय."

बाईंचं तोंड उघडंच राहिलं. त्या हेच म्हणणार होत्या.

कुणी हसलं नाही. मग बाई अगदी सावकाश म्हणाल्या, "मला ही गाडी चालवायला शिकायचीय. लग्न झाल्यापासून मनात आहे."

स्पीकर गप्प होता. पेटीला याची अटकळ नव्हती आणि अच्युतरावांनाही नव्हती. इतकी वर्षं हे पाठीमागे बसलेलं होतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता, हे त्यांना फार लागलं. ते काही बोलणार, तोच स्पीकरमधून त्यांचा आवाज आला.

"या वयात कशाला हे खूळ?"

अच्युतरावांच्या जिभेवर नेमके हेच शब्द होते. डॉक्टर घाईने बटणाकडे वळल्या.

अच्युतराव गाडीवरून उतरले. किल्ली बायकोच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "बस पुढे."

बटण अजून चालूच होतं, तरी या वेळी पेटी गप्प राहिली. कुमुदिनीबाई पुढे सरकल्या आणि त्यांनी हँडल दोन्ही हातांनी धरलं. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की अच्युतरावांना भरून आलं. आनंद खरा होता, यात शंका नव्हती. फक्त आपण किल्ली दिली ती मनापासून, की त्या पेटीला खोटं पाडायला, हे मात्र त्यांना स्वतःलाच सांगता येत नव्हतं.