हुप्प्याचा पंजा आणि टिल्लूचं मराठी

नारळ 'वाढवला' म्हणजे काय केलं? फोडला! मग पोर 'वाढवलं' म्हणजे? सांगा बघू. आमच्या टिल्लू नावाच्या यंत्रमानवाची याच कोड्यात दांडी गुल झाली, आणि त्यापायी माझ्या छातीत जे धस्स झालं ते मी जन्मात विसरणार नाही.

टिल्लू नानांच्या प्राणी-उपचार केंद्रात काम करतो. नाना म्हणजे माझे आजोबा, जनावरांचे डॉक्टर आणि पेशीशास्त्रज्ञ. (पेशी म्हणजे शरीराची सगळ्यात लहान जिवंत वीट. तुमच्याआमच्यात अशा अब्जावधी विटा.) केंद्र चिपळूणजवळ आहे, आणि सुट्टी लागली की माझा मुक्काम तिथेच.

या सुट्टीत तिथे हुप्प्या होता. वानराचं एवढंसं पिल्लू. विजेच्या तारेला हात लागला आणि बिचाऱ्याचा उजवा पंजा जळून गेला. त्याची आई रोज कुंपणाबाहेरच्या फणसावर येऊन बसायची आणि आमच्या खिडकीकडे टक लावून बघायची. वानरी झाडावरून झाडावर उड्या मारते, तेव्हा पिल्लू दोन्ही हातांनी तिच्या पोटाचे केस घट्ट धरून असतं. एका हाताचं पिल्लू पडणारच. "पंजा नीट आला नाही, तर याला आयुष्यभर पिंजऱ्यात ठेवावं लागेल, इरा," नाना म्हणाले होते. मला तर ते ऐकवतही नव्हतं.

नानांनी त्याच्या मनगटावर एक पारदर्शक टोपी बसवली होती. आत औषधी द्राव, आणि त्यात चक्क नवा पंजा उगवत होता! म्हणजे पंजा कसला, भाकरीचा गोळा हातावर जरा चपटा करावा, तसं काहीतरी. बोटांचा पत्ताच नाही.

अशातच केंद्रातल्या नव्या खोलीची पूजा झाली. "टिल्लू, नारळ वाढव रे," नाना म्हणाले. टिल्लूने नारळ उचलला, कुंडीत पुरला आणि वरून तांब्याभर पाणी घातलं! आम्ही पोट धरधरून हसलो. मग नानांनी त्याला समजावलं, "अरे बाबा, फोडणं, मोडणं असलं अभद्र तोंडातून काढायचं नसतं. बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणायचं. कळलं?"

"कळलं," टिल्लू म्हणाला. कळलं कसलं, डोंबल!

दुसऱ्या दिवशी नाना एका गायीची शस्त्रक्रिया करत होते, त्यामुळे त्यांना हाक मारायची सोय नव्हती. मी हुप्प्याला बाटलीने दूध पाजत होते. टिल्लू टोपीला जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर नजर ठेवून होता. अचानक तो म्हणाला, "इरा, हुप्प्याच्या पंजातल्या पेशी वाढतायत. हजारोंनी!"

मी आनंदाने टुणकन उडी मारली आणि पडद्यापाशी धावले. त्या पडद्यावर जिवंत पेशी हिरव्या दिसतात आणि मरणाऱ्या लाल. बघते तर काय, लालच लाल!

"टिल्ल्या, वाढतायत कुठे? मरतायत की रे!"

"तेच म्हणालो. मोडतायत. पण मोडणं तोंडातून काढायचं नसतं ना?"

"कप्पाळ माझं!" मी ओरडले. पेशींचं मरण थांबवणारं एक औषध कपाटात आहे, हे मला ठाऊक होतं. "ते औषध काढ! सोड टोपीत, लवकर!"

टिल्लू आज्ञाधारक. त्याने औषध भरलं आणि सुई टोपीला लावली. मी पडद्याला नाक चिकटवून उभी. आणि मला काहीतरी खटकलं. लाल ठिपके सगळीकडे नव्हते. त्यांच्या रेघा होत्या, अगदी सरळ. रोगाने मेल्या असत्या तर पेशी अशा शिस्तीत रांगेने कशाला मरतील? रेघा चार, आणि त्यांच्यामुळे हिरव्याचे झालेले पट्टे पाच. टिल्लूला घाई कर म्हणायला मी हात वर केला, तर माझाच पंजा मला पडद्यासमोर दिसला. पाच बोटं, मधे चार फटी.

"थांब! टिल्ल्या, थांब! सुई काढ!"

तेवढ्यात नाना आत आले. टिल्लूच्या हातातली सुई बघून त्यांचा चेहरा उतरला. "सोडलं का औषध?"

"नाही," मी म्हणाले. नाना मटकन खुर्चीत बसले.

"सोडलं असतं तर काय झालं असतं, नाना?"

"पंजाचं वल्हं झालं असतं. अगं, आईच्या पोटात असताना तुझाही पंजा आधी असाच सपाट होता. मग बोटांच्या मधल्या पेशींना रासायनिक निरोप येतो, की तुमचं काम झालं. त्या स्वतःला आतून मोडतात आणि आपल्याच छोट्या छोट्या पुड्या बांधतात. याला म्हणतात नियोजित पेशीमृत्यू (ठरल्या जागी, ठरल्या वेळी पेशीने स्वतःला संपवणं). सूज नाही, पू नाही."

"आणि त्या पुड्यांचा कचरा?"

"तो इतर पेशी खातात. शरीरात खास सफाई करणाऱ्या पेशी असतात. पण अगदी कोवळ्या गर्भात त्या तयारच झालेल्या नसतात. तिथे गर्भाच्या बाहेरच्या आवरणातल्या साध्या पेशीच हातासारखे फाटे काढून कचरा गिळतात. माशाच्या गर्भात हे चालू असताना शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलंय."

"मग बदकाच्या बोटांत पडदा कसा राहतो?"

"शाब्बास! निरोप तिथेही निघतो. पण बदकाच्या त्या पेशी आणखी एक रसायन बनवतात, ते निरोपाला वाटेतच अडवतं. म्हणून पडदा राहतो."

"म्हणजे मी हुप्प्याचं बदक करणार होते!"

"करणार होतीस. पण वेळेवर डोकं चालवलंस." नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला मात्र त्या पेशींचं फार वाईट वाटलं. कोणाला दिसणारही नाहीत, आणि त्या जातात म्हणून बोटं होतात.

"म्हणजे पेशी मोडतायत आणि पंजा वाढतोय," टिल्लू म्हणाला. "मग मी चुकलो कुठे?"

"गप रे, शहाण्या!" मी म्हणाले. नाना मात्र खो खो हसत सुटले.

पुढे टोपी निघाली. आत पाच बोटं, नखांसकट! "कुणी सांगावं, एक दिवस माणसांच्या पोरांनाही असे हात देता येतील," नाना म्हणाले. "अजून पुष्कळ शिकायचंय. तुम्हीच शिकाल."

हुप्प्याला आम्ही फणसाखाली सोडलं आणि लांब जाऊन उभे राहिलो. त्याची आई सरसर खाली आली. तिने आधी नवा पंजा हातात घेतला, उलटासुलटा केला, हुंगला. मग उवा शोधतात तसं एकेक बोट बाजूला करून मधल्या फटीत बघितलं, चारही फटींत. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग तिने त्याला पोटाशी घेतलं आणि उडी मारली, फणसावरून थेट पलीकडच्या आंब्यावर. मी घट्ट डोळे मिटले. धप्पकन काही पडल्याचा आवाज आला नाही, तेव्हा कुठे उघडले. हुप्प्या आईच्या पोटाला लटकला होता, आणि नव्या पंजाची पाचही बोटं तिच्या केसांत घट्ट रुतली होती.