सोमवारी येणारा रविवार

धक्क्यावर पाऊस आडवा झोडपत होता आणि 'संडे लँटर्न'च्या ताडपत्रीत बांधलेल्या गठ्ठ्यावर एक अनोळखी तरुण खुशाल बसला होता.

"उठता का जरा? आमच्या दुकानाचे पेपर आहेत ते," डोलिना म्हणाली.

"त्यातलं अर्धं पान मी लिहिलंय. तेवढ्यावर तरी बसू द्या..." तो उठला, पण बोटीने पोट असं ढवळलं होतं की पुन्हा मटकन खाली बसला. डोलिनाला हसू आवरेना.

गॅव्हिन रँकिन त्याचं नाव. ग्लासगोचा. लँटर्न निघाला तो त्याच्या आजोबांच्या लहानपणी. तेव्हापासून ना पहिल्या पानावरचा कंदील बदलला, ना ग्रेटामावशीच्या पाककृतींच्या सदरातली ओटची बिस्किटं. असा हा रविवारचा पेपर स्कॉटलंडच्या लुईस बेटावर सर्वांत जास्त खपायचा, तोही सोमवारी. रविवार देवाचा, त्या दिवशी इथे कुणी दोरीवर कपडेही वाळत घालत नाही, मग पेपर कोण उघडणार? त्यावर लेख लिहायला गॅव्हिनला धाडलं होतं.

लेख आठवड्यात झाला. गॅव्हिन मात्र सुट्टी मिळाली की बोटीवर.

"तुला बोट लागते ना?" डोलिनाने एकदा मुद्दाम विचारलं.

"लागते. पण परत जाताना जास्त लागते."

तिने मान वळवली, पण कान लाल झाले ते झालेच.

पुढचं सोपं होतं... बाबा सोडून. टॉर्किल मॅकॉली दुकानदार, शिवाय चर्चचा कारभार पाहणारे वडीलधारे. सोमवारी लँटर्न विकताना त्यांना काही वाटत नसे. पण तो तयार करणाऱ्याला मुलगी द्यायची?

"देवाच्या वारी काम करणारा जावई मला नको," ते गल्ल्यामागून म्हणाले. डोलिनाने शेजारी उभ्या गॅव्हिनकडे पाहिलं. तो रविवारी काम करतो का, हे इतक्या महिन्यांत विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

"मिस्टर मॅकॉली, आमची छपाईची यंत्रं शनिवारी रात्री बाराच्या आत थांबतात. पहिल्या अंकापासूनचा नेम आहे. रविवारी मी आईला चर्चला नेतो." गॅव्हिन घुटमळला. "रविवारी राबतात ते... सोमवारच्या दैनिकाचे लोक."

टॉर्किल सोमवारच्या दैनिकावर कोपर टेकून उभे होते. त्यांनी कोपर हळूच उचललं. दैनिकाची घडी घातली आणि ते गल्ल्याखाली सारलं.

"लँटर्नमध्ये क्रमशः येते त्या कादंबरीतल्या नावाड्याला गेल्या अंकात वादळात सोडलंत," ते अखेर म्हणाले. "वाचतो का तो?"

"वाचतो. पुढच्या अंकात किनाऱ्याला लागतो."

डोलिनाने बाबांच्या देखतच गॅव्हिनचा हात धरला. तो तिच्या हातापेक्षाही गार पडला होता.

"लग्न कुठल्या वारी करायचं ते तुम्ही ठरवा," टॉर्किल लँटर्न उघडत म्हणाले. "फक्त सोमवार नको. सोमवारी मला पेपर वाचायचा असतो."